राजीनाम्यांचा सप्टेंबर

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या ऐंशीहून अधिक सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकत्र राजीनामे दिले. देशातल्या पहिल्या लाटेने त्याच महिन्यात माथा गाठला होता. दिवसाकाठी नव्वद हजारांवर नवे रुग्ण सापडत होते. अशा वेळी डॉक्टर राजीनामे देतात म्हटल्यावर लोक एकच अर्थ काढतात, घाबरले! पण या राजीनाम्यांमागे विषाणू नव्हता. डॉक्टरांची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या वागणुकीबद्दल होती. आपला अपमान होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वादात कोणाचं किती खरं, याचा निवाडा मला इथे करायचा नाही. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. या जिल्ह्यात कोरोना आला तो मार्चच्या मध्यात, दुबईची सहल करून परतलेल्यांबरोबर. पुण्यापाठोपाठ राज्यात जी गावं पहिल्यांदा बातम्यांत आली, त्यांत यवतमाळ होतं. तेव्हा लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं, हा रोग हवेतून पसरतो की दाराच्या कडीवरून, यावरही एकमत नव्हतं. भीतीचा भर खरा तेव्हाचा. राजीनामे तेव्हा पडले नाहीत. सहा महिने काम करून झाल्यावर, रोगाची थोडीफार ओळख पटल्यावर, डेक्सामेथासोनसारखं स्वस्त औषध गंभीर रुग्णांचे प्राण वाचवतं हे जूनमध्ये कळून चुकल्यावर पडले. डॉक्टरांची भीती आणि डॉक्टरांचा थकवा या दोन गोष्टी आपण एका दमात उच्चारतो, पहिलीतूनच दुसरा निघतो असं धरून चालतो. यवतमाळचं कॅलेंडर तसं सांगत नाही.

भीती होती, याबद्दल वाद नाही. ती किती होती याचा एक पुरावा सरकारी कागदातच आहे. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कोरोना रुग्णांची देखभाल करणाऱ्या, लक्षणं नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेण्याची शिफारस केली: पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग सात आठवडे आठवड्यातून एकदा. पुरावा तुटपुंजा होता आणि पुढे तो टिकलाही नाही. एरवी रुग्णाने गूगल वाचून औषधाचं नाव काढलं तर कपाळाला आठ्या घालणारी जमात ही. तिनेही ती गोळी गिळली. त्यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. डॉक्टरची भीती सामान्य माणसाच्या भीतीहून वेगळी असते, कारण ती माहितीतून आलेली असते. ऑक्सिजनची पातळी ८० वर आलेला रुग्ण मोबाइलवर बोलताना त्याने पाहिलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच खाटेवर दुसरा रुग्ण पाहिलेला असतो. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आघाडीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना संसर्गाचा धोका इतरांच्या तिपटीहून जास्त आढळला. ज्याला हे आकडे वाचता येतात, त्याने घाबरणं यात भेकडपणा कुठला? उलट ही भीती कामाचीच होती. तिच्यामुळे हात धुतले गेले, मास्क नाकाखाली घसरला नाही, अंगावरचं संरक्षक किट उतरवताना घाई झाली नाही. किट घालण्यापेक्षा उतरवताना संसर्ग होण्याची शक्यता जास्त असते. सहा-सहा तास घामाने निथळल्यावर, चष्म्यावर वाफ धरलेली, पाण्याचा घोट नाही, बाहेर विदर्भातला मे महिना, आणि अशा अवस्थेत प्रत्येक टप्प्याला हात निर्जंतुक करत, अंगावरचा झगा बाहेरची बाजू आत गुंडाळत हळूहळू काढायचा असतो. तिथे माणसाला सावध ठेवणारी गोष्ट भीतीच असते.

मग माणसं कोलमडली कशाने? अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी साथीच्या पहिल्याच आठवड्यांत एक साधा उद्योग केला. डॉक्टर, परिचारिका वगैरे ६९ जणांना गटागटाने बसवून विचारलं की तुम्हाला कशाची चिंता वाटते आणि संस्थेकडून काय हवं आहे. उत्तरांतून चिंतेची आठ कारणं निघाली. संरक्षणाची साधनं मिळतील का, मी संसर्ग घरी नेईन का, लक्षणं दिसली तर माझी तपासणी लवकर होईल का, मी आजारी पडलो तर संस्था माझी आणि माझ्या घरच्यांची काळजी घेईल का, मला अनुभव नसलेल्या विभागात टाकलं तर मी निभावेन का, अशा धर्तीची. ही यादी नीट पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न विषाणूबद्दल असल्यासारखा सुरू होतो आणि वरिष्ठांपाशी येऊन थांबतो. विषाणू काय करील हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते डॉक्टरांना मान्यही होतं. आपली माणसं काय करतील, हे मात्र कळायला हवं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे: संसर्गाच्या भीतीने डॉक्टर थकला नाही. ती भीती बोलून दाखवल्यावर जे उत्तर मिळालं, किंवा मिळालंच नाही, त्याने तो थकला.

उत्तरं कशी मिळाली तेही पाहू. २२ मार्चला थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. त्यानंतर बाराच दिवसांनी, १५ मे रोजी, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली की कोविड ड्युटी संपल्यावर सरसकट चौदा दिवसांचं विलगीकरण आता नको. किट फाटलं वा तसाच मोठा संपर्क आला असेल तरच. वैद्यकीयदृष्ट्या या निर्णयाची बाजू मांडता येईल, मनुष्यबळ कमी होतं हेही खरं. पण दोन खोल्यांच्या घरात म्हाताऱ्या आईवडिलांबरोबर राहणाऱ्या डॉक्टरला त्याचा अर्थ काय लागला असेल? आठ कारणांतलं दुसरं कारण घेऊन डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जूनला न्यायालयाला सांगावं लागलं की आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर द्या आणि त्यांच्या विलगीकरणाची सोय करा. पगार वेळेवर द्या! साथीच्या ऐन मध्यात हे वाक्य न्यायालयाच्या तोंडून निघावं लागलं. फुलांबद्दल मला राग नाही. मात्र कौतुक आणि उत्तर यांत गल्लत झाली की कौतुकही अंगावर येतं, कारण मग तक्रार करणारा कृतघ्न ठरतो. देव म्हणून ज्याला मखरात बसवलं, त्याने पगाराची पावती मागायची कशी?

या म्हणण्याला आधार देणारी सगळ्यांत चांगली पाहणी कोरोनाच्या आधीची आहे. २००३ मध्ये टोरांटोत सार्सची साथ आली, आणि तिथे बाधितांमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रमाण फार मोठं होतं. साथ काही महिन्यांत संपली. त्यानंतर तेरा ते सव्वीस महिन्यांनी संशोधकांनी तिथल्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली. ज्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण सांभाळले होते, तिथल्या लोकांमध्ये थकवा, मानसिक त्रास, कामाचे तास कमी करण्याकडे कल, हे सगळं इतर रुग्णालयांपेक्षा जास्त निघालं. विषाणू गावातून निघून गेला होता, भीतीचं कारणच उरलं नव्हतं, तरी थकवा तिथेच होता. आणि कोण कमी थकलं? ज्यांना आपलं प्रशिक्षण, आपलं संरक्षण आणि आपल्याला मिळालेलं पाठबळ पुरेसं वाटलं होतं, ते. ज्या शहरात पैसा, साधनं आणि डॉक्टर यांचा तुटवडा नाही, तिथला हा निष्कर्ष. आता सोळा तालुक्यांचा आपला जिल्हा घ्या. उमरखेडहून किंवा वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास, यवतमाळहून नागपूर दीडशे. झरी-जामणीच्या बाजूच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या हातात ऑक्सिमीटर, काही गोळ्या आणि रेफर करण्याची चिठ्ठी. रुग्ण ‘वर’ पाठवायचा. वर खाट नाही म्हणून फोन. नातेवाईक समोर उभे. इथे डॉक्टर एकाच वेळी रुग्णाचा वैद्य, व्यवस्थेचा प्रवक्ता आणि व्यवस्थेचा बळी असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा पेशा तुम्हीच निवडलात, शिक्षणावर समाजाचा पैसा खर्च झाला, सैनिक काय गोळ्यांना घाबरून परत येतो? आणि मग हमखास सावित्रीबाई फुल्यांचं उदाहरण येतं. ते उदाहरण मला नीट बघावंसं वाटतं. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांच्या डॉक्टर मुलाने, यशवंतने, पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथे राबल्या, मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्या त्यागापुढे मान झुकतेच. पण तो दवाखाना कोणाच्या आदेशाने उघडलेला नव्हता. तिथे काय करायचं, किती करायचं, हे मायलेक ठरवत होते. स्वतः होऊन पत्करलेला धोका आणि वरून आदेश काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला धोका, हे एका मापाने मोजता येत नाहीत. सावित्रीबाईंचं नाव घेण्याचा अधिकार ज्याने स्वतः पाठीवर रुग्ण घेतला त्याला आहे. आढावा बैठकीत दुसऱ्याला ‘तुम्ही उचला’ म्हणणाऱ्याला तो कुठून आला? सैनिकाच्या उदाहरणाचंही तेच. सैन्यात तुकड्या पाळीपाळीने मागे घेतल्या जातात आणि जखमी झाल्यावर कोण उचलून नेणार, घरच्यांना काय मिळणार, हे लढाईआधी ठरलेलं असतं. डॉक्टरांना सैनिक म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मग हे नियमही लावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. भीती स्वतःच माणसाला पोखरते. झोप उडते, भूक जाते, पोरांना जवळ घेता येत नाही. चीनमध्ये २०२० च्या सुरुवातीला ३४ रुग्णालयांतल्या १२५७ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्यांत नैराश्याची आणि एक तृतीयांशांत निद्रानाशाची लक्षणं होती. त्या वेळी पगाराचा वाद नव्हता की कोणाच्या वागणुकीचा. होता तो विषाणू. हे मान्य करायला हवं. भीती शरीराला शिणवते. परंतु भीती जर मुख्य कारण असती, तर भीती ओसरल्यावर थकवाही ओसरायला हवा होता. आपल्याकडे ही परीक्षा आपोआप झाली. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झालं आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. दुसरी लाट आली तेव्हा बहुतेकांच्या दंडात लस गेलेली होती. जिवाची धास्ती पुरती गेली नव्हती, गेल्या वर्षीसारखी मात्र उरली नव्हती. थकवा कमी झाला का? फेब्रुवारीतच अमरावती, यवतमाळ, अकोला या पट्ट्यात रुग्ण वाढले, राज्यात इतरत्र अजून शांतता असताना इथे निर्बंध लागले. त्यात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची १८ एप्रिलची नीट पीजी परीक्षा पुढे ढकलली गेली. ती झाली ११ सप्टेंबरला, आणि प्रवेशाच्या फेऱ्या आरक्षणाच्या खटल्यात अडकून जानेवारी २०२२ उजाडला. वैद्यकीय महाविद्यालयाचा गाडा कोण ओढतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, ज्यांना जेआर वन म्हणतात, ते रक्ताचे नमुने काढतात, रात्रीचे फोन घेतात, केसपेपर भरतात. ते आलेच नाहीत. ज्या दोन तुकड्या होत्या त्यांनी तीन तुकड्यांचं काम ओढलं. या काळातला थकवा विषाणूच्या नावावर मांडणं म्हणजे चुकीच्या खात्यात खर्च टाकणं आहे.

थकव्याचं बिल शेवटी कोणाच्या नावाने फाटतं, याचं एक उदाहरण घाटंजी तालुक्यात घडलं. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. भांबोरा आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवलं, ती सुखरूप राहिली, बूथवरच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. चूक अक्षम्य होती आणि कारवाई व्हायलाच हवी होती. थकलो होतो ही सबब मुलाच्या आईला सांगता येत नाही. पण तपशील बघा. पोलिओच्या कुपीवर एक गोल असतो, त्यात चौकोन; चौकोन गोलाइतका गडद झाला की लस उष्णतेने बिघडली असं समजून टाकून द्यायची. दरेक कुपी उघडण्याआधी ती खूण बघायची, हे या कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. दहा महिने सर्वेक्षणं, घरोघर तपासण्या, तापाच्या नोंदी, पंधरवड्यापूर्वी सुरू झालेलं कोविड लसीकरण आणि वरून पोलिओ. प्रत्येक टेबलावर आता सॅनिटायझरची बाटली. अशा वेळी अंगवळणी पडलेली नजर सुटू शकते, हे विमान आणि रेल्वे चालवणाऱ्या यंत्रणांनी केव्हाच मान्य करून त्यानुसार कामाचे तास आखले. आपण कोणी केलं ते विचारतो. कसं घडू शकलं हे विचारण्याची आपल्या खात्यांना सवयच नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर एका माणसावर येऊन थांबत नाही, वर चढत जातं.

तिसरा आक्षेप रुग्णांचा आहे आणि तो ऐकताना डॉक्टरांच्या बाजूने बोलणाऱ्याने आवाज खाली आणावा. एप्रिल २०२० मध्ये राज्यभर कित्येक खासगी दवाखान्यांची शटरं खाली होती. बाळंतिणी, डायलिसिसवाले, साध्या तापाचे रुग्ण दारोदार फिरले. सरकारला नोंदणी रद्द करण्याची तंबी द्यावी लागली. मुंबईत तर मे महिन्यात पंचावन्नच्या आतल्या खासगी डॉक्टरांनी किमान पंधरा दिवस कोविडसेवा द्यावी असा आदेश निघाला. दुसऱ्या लाटेत काही रुग्णालयांची बिलं पाहून नातेवाईकांना घाम फुटला. यातलं काहीही थकव्याच्या पदराखाली झाकता येणार नाही. तरीही ज्याने दवाखाना उघडा ठेवला, त्याचं काय झालं? नवी मुंबईत महापालिकेच्या नोटिशीनंतर दवाखाना चालू ठेवलेले एक डॉक्टर जून २०२० मध्ये कोरोनाने गेले. त्यांच्या पत्नीने कोविडसेवेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या सरकारी ५० लाखांच्या विमा योजनेखाली दावा केला. उत्तर आलं की त्यांची सेवा सरकारने रीतसर अधिग्रहित केलेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही दावा फेटाळला. तो मुद्दा सुटला तो डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, डॉक्टरांच्या बाजूने. दवाखाना बंद ठेवला तर नोंदणी जाणार, उघडा ठेवून मेलात तर तुम्ही आमचे नव्हतात. मेलेले मोजतानाही हाच घोळ होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने संसदेत १६२ डॉक्टरांच्या मृत्यूची माहिती दिली; इंडियन मेडिकल असोसिएशनचा आकडा ७३४ होता. शटर खाली ओढणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही. मात्र पुढच्या साथीत शटर वर राहावं असं वाटत असेल, तर हा हिशेब डॉक्टर विसरतील अशी आशा कोणी करू नये.

भीती संसर्गाचीच असायला हवी असंही नाही, आणि यवतमाळने तेही दाखवलं. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेले शेतकरी आणि मजूर शेकड्यांनी इथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. ती साथच होती, फक्त डॉक्टरला लागणारी नव्हती. वॉर्ड तसेच भरलेले, हात तेवढेच, नातेवाईकांचे प्रश्न तेच. जिवाची भीती काढून टाकली तरी बाकीचं चित्र २०२० चंच दिसतं. कोरोना उताराला लागल्यावर, १० नोव्हेंबर २०२१ च्या रात्री, याच महाविद्यालयाच्या आवारात एका विद्यार्थ्याची चाकूने हत्या झाली. जानेवारी २०२३ मध्ये याच रुग्णालयात एका रुग्णाने निवासी डॉक्टरवर चाकू चालवला. दोन्ही वेळा तरुण डॉक्टर संपावर गेले आणि दोन्ही वेळा मागणी एकच होती, आम्हाला सुरक्षित ठेवा. २०२० मध्ये मास्क मागितला होता, आता पहारा मागितला. आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगणारा साथरोग कायद्यातला बदल एप्रिल २०२० पासून होता. तो साथीपुरता होता आणि वॉर्डाच्या दारात उभा राहणारा नव्हता.

म्हणूनच डॉक्टरांच्या थकव्यावर योगशिबिर, ध्यानाचं ॲप आणि समुपदेशनाची हेल्पलाइन हे उपाय निघाले की मला अवघडल्यासारखं होतं. ते निरुपयोगी आहेत असं नाही. ज्याला झोप लागत नाही त्याला मदत मिळालीच पाहिजे, आणि डॉक्टर स्वतःसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजतात ही त्यांच्याच बिरादरीची खोड आहे. पण उपाय माणसावर करायचा आणि कारण व्यवस्थेत ठेवायचं, याला डॉक्टर स्वतः त्यांच्या भाषेत लक्षणांवरचा उपचार म्हणतात. स्टॅनफर्डच्या त्या आठ प्रश्नांची उत्तरं जिल्हा पातळीवर देता येण्यासारखी आहेत. किट संपलं असेल तर वॉर्डात न शिरण्याचा अधिकार डॉक्टरला आहे की नाही. आरोग्य केंद्रातला एकमेव डॉक्टर आजारी पडला तर त्या जागी कोण जाणार, त्याचं नाव आधी ठरलं आहे का. ड्युटीवर संसर्ग झालेल्याची रजा कोणत्या खात्यात मांडायची. अधिग्रहण लेखी असेल की तोंडी, आणि तोंडी असेल तर विमा लागू होईल का. आढावा बैठकीत आकडे कमी पडले म्हणून चारचौघांत कोणाला किती बोलायचं, यालाही काही मर्यादा घालता येते, आणि ती घालायला एक पैसा लागत नाही. हे सगळं साथ नसतानाच लिहून ठेवावं लागतं. एकदा वॉर्ड भरले की कागद काढायला वेळ नसतो, आणि वॉर्ड रिकामे झाले की निकड वाटत नाही. वॉर्ड आत्ता त्यातल्या त्यात रिकामे आहेत.